मामांचा फोन

बालदोस्तांनो,

बाईंच्या चुका काढायला तुम्हांला किती आवडतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. फळ्यावर एक वेलांटी चुकली की वर्गात चाळीस हात वर! म्हणून आज माझी एक मोठी चूक मीच सांगते. मार्क तुम्ही द्या.

लालबागच्या एका चाळीत माझे मामा राहतात. काचबिंदूमुळे त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी काठी घेऊन एकटे जिना उतरतात, नाक्यावरून दूध आणतात. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता. तो ते झरझर लावायचे. कसा? घरात असा फोन असेल तर ५ च्या बटणावरून बोट फिरवून पाहा. बारीकसा उंचवटा लागेल. तो सापडला की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. झालं, सगळी बटणं सापडली!

पण मेसेज आला की मामा अडायचे. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज वाचायला शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागे. बँकेचा ओटीपीसुद्धा तसाच. 'हा आकडा कुणालाही सांगू नका' असं त्यातच लिहिलेलं असतं, आणि मामांना तो दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावा लागे! "माझ्या खात्यात किती पैसे आले, ते माझ्याआधी चाळीला कळतं," असं मामा हसत म्हणायचे. त्यांना त्याचं किती वाईट वाटतं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळीत मी त्यांच्यासाठी झकास स्मार्टफोन नेला. मोठ्ठा पडदा, भारी कॅमेरा. पंधरा दिवसांनी पाहते तर फोन खोक्यासकट कपाटात!

"अगं पोरी, ही तर गुळगुळीत पाटी आहे. बोट लावू कुठे?" मामा म्हणाले.

मी फोन घेताना दुकानदाराला विचारलं होतं, शाळेतल्या बाईंना विचारलं होतं. मामांना विचारायचंच राहिलं होतं. ही माझी चूक.

मग मामांनीच वाट काढली. गिरगावात त्यांचे एक स्नेही राहतात, जन्मापासून दृष्टिहीन. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. मी, मामा आणि सातवीतला माझा भाचा त्यांच्याकडे गेलो. त्यांचाही फोन काचेचाच होता, पण बोलणारा!

काचेवर बोट टेकवलं की बोटाखाली काय आहे ते फोन मोठ्यानं सांगतो. हवं ते सापडलं की कुठेही दोनदा टकटक करायचं, ते उघडतं. अँड्रॉइड फोनमध्ये या सोयीला 'टॉकबॅक' म्हणतात, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर'. दोन्ही २००९ साली आल्या. आता मराठीतही बोलतात. काकांचा फोन इतका भरभर बोलत होता, की मला एक शब्द कळेना आणि काकांना सगळं कळत होतं!

"तुमच्या त्या मोठ्या फोनमध्येही हे आहे. कुणी चालू करून दाखवलं नाही, एवढंच," काका म्हणाले. "पण तेवढ्यानं भागत नाही." मग त्यांनी फोन कसा पारखायचा ते सांगितलं. भाच्यानं वहीत लिहून घेतलं :

१. मामांच्या एका हातात काठी असते. फोन दुसऱ्या एका हातात नीट मावला पाहिजे.

२. आवाजाची आणि फोन चालू करायची बटणं चाचपून वेगळी ओळखता यावीत.

३. बोटाचा ठसा घ्यायची जागा हाताला लागणारी हवी. कडेच्या बटणावर असली तर उत्तम.

४. इअरफोनची पिन लावायला भोक हवं. नाहीतर फोन मामांचा ओटीपी भर बसमध्ये मोठ्यानं वाचायचा!

५. दुकानातच टॉकबॅक चालू करून पाहावा. फोन अडखळत बोलला तर घेऊ नये.

वही घेऊन आम्ही दादरला गेलो. दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० साली सुरू झाली. सहा उंच ठिपक्यांची ब्रेल लिपी तिथल्या मुली बोटांनी वाचत आल्या आहेत. अशा या दादरमध्ये दुकानदारानं विचारलं काय? "मॅडम, यांना कसला फोन दाखवू?"

"मला विचारा. फोन मी वापरणार," मामा शांतपणे म्हणाले.

दुकानदार ओशाळला. मग त्यानं एकेक फोन मामांच्या हातात दिला. "कॅमेरा साधा चालेल ना?" या प्रश्नावर भाचाच म्हणाला, "नाही हं! आजोबांना नोटा ओळखायच्यात." रिझर्व्ह बँकेनं २०२० साली 'मनी' नावाचं ॲप काढलं. कॅमेरा नोटेवर धरला की ती किती रुपयांची ते ॲप सांगतं. सहावा फोन मामांना पसंत पडला. माझ्या दिवाळीच्या फोनपेक्षा निम्म्या किमतीचा!

दोस्तांनो, प्रत्येकाची गरज निराळी. ज्याला ऐकू येत नाही, त्याला खुणांच्या भाषेत बोलायला समोरचा कॅमेरा स्वच्छ हवा आणि थरथराट जोरदार हवा. ज्याचे हात कापतात, त्याला चिन्हं मोठी हवीत. म्हणून आधी विचारायचं, मग घ्यायचं.

एक अडचण मात्र उरलीच. काही ॲपमध्ये बोट ठेवलं की फोन नुसतं "बटण" म्हणतो. कसलं बटण? ॲप बनवणाऱ्यानं चित्र काढलं, पण आत त्याचं नाव लिहिलंच नाही! काही ठिकाणी तर ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी काय करावं? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं सांगितलं, की अशा सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी ॲप बनवणार असेल, तर बटणाला नाव द्यायला विसरू नका हं!

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरच्यांना विचारून फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक शोधा. आधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की तो बंद-चालू होतो. मग डोळे मिटून आईला फोन लावा. किती वेळ लागला ते मला कळवा.

आणि हो, परवा मामांचा मेसेज आला. स्वतः टाइप केलेला. "पेन्शन आली. किती ते सांगणार नाही!"

मला किती मार्क देता?

तुमच्या,
बाई