चुकलेल्या उत्तरावरून पारख

मे महिन्यात मुंबईच्या उपनगरांतील शाळांना सुट्टी असते, परंतु मुख्याध्यापकांच्या खोलीला ती नसते. अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि तिकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, पटसंख्येच्या विवंचनेत असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शाळांत, या दिवसांत कोणत्या ना कोणत्या तयार ऑनलाइन अभ्यासक्रमाचा प्रतिनिधी आपला लॅपटॉप उघडून बसलेला आढळतो. पडद्यावर हृदय आपले चारही कप्पे उघडून दाखवते, ज्वालामुखीचा स्फोट होतो, त्रिकोणाचे तिन्ही कोन सुटे होऊन एका सरळ रेषेवर आज्ञाधारकपणे येऊन बसतात, आणि हे पाहून संतुष्ट झालेले विश्वस्त मंडळ त्याच बैठकीत तीन वर्षांच्या कराराला तत्त्वतः मंजुरी देऊन मोकळे होते. ज्या शिक्षिकेला जूनच्या मध्यापासून हा अभ्यासक्रम सहावी ‘ब’च्या साठ मुलांपुढे चालवावयाचा असतो, ती त्या वेळी बहुधा गावी गेलेली असते.

तयार अभ्यासक्रम घ्यावा की घेऊ नये, हा वाद मला आता निरर्थक वाटतो. आपले पाठ्यपुस्तकही तयारच असते. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना पुण्यात बसून रचलेले धडे वाचावयास लावले आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही. याचे कारण असे की पुस्तक मुकाट्याने बाकावर पडून राहते, आणि कोणता धडा आधी घ्यावा, कोणत्या उदाहरणापाशी थांबावे, कोठे पुस्तक मिटून खडू हाती घ्यावा याचा अखत्यार शिक्षकाकडेच राहतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे तसे नसते. स्पष्टीकरण त्याचे, वेग त्याचा, प्रश्न त्याचे आणि गुणही त्याचेच. म्हणजे शिक्षकाची निम्म्याहून अधिक कामे तो अंगावर घेतो, आणि तरीही त्याची निवड मात्र आपण पंखे किंवा बाके खरेदी करण्याच्या शिरस्त्याने, दरपत्रके मागवून उरकतो. शिक्षकाची नेमणूक करताना आपण उमेदवाराला वर्गावर पाठवून एक पाठ घ्यावयास लावतो, मागच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन बसतो आणि मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. अभ्यासक्रमाला हीच कसोटी का लावू नये?

या कसोटीत काय पाहावे, याविषयी माझे मत काहीसे एकांगी आहे, तरी ते सांगतो. अभ्यासक्रम किती सुंदर समजावून सांगतो हे पाहण्यात फारसा वेळ दवडू नये, कारण सुंदर समजावून सांगणे आता स्वस्त झाले आहे. मुलाचे उत्तर चुकले असता तो काय करतो, एवढेच पाहावे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, हे उदाहरण घ्या. अपूर्णांकांच्या बेरजेशी नुकतीच ओळख झालेल्या कोणत्याही वर्गात काही मुले याचे उत्तर दोन पंचमांश असे लिहितात, कारण त्यांनी अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवलेले असतात. ही बेफिकिरी नव्हे, पूर्णांकांच्या बेरजेत आजवर इमाने चाललेला नियमच त्यांनी येथे लावून पाहिलेला असतो. आता हे उत्तर अभ्यासक्रमाला देऊन पाहावे. एखादा लाल फुली दाखवून मघाचीच चित्रफीत पुन्हा सुरू करील, जणू मुलाचा दोष ऐकण्यातच होता. दुसरा समच्छेद करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहून दाखवील. मूल त्या उतरवून घेईल आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा छेदात छेद मिळवील. तिसरा मात्र विचारील की दोन पंचमांश हे अर्ध्याहून मोठे की लहान. आणि अर्ध्यात आणखी काही भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसे आले, या कोड्यापाशी मुलाला क्षणभर अडकवून ठेवील. पहिले दोन अभ्यासक्रम कितीही चकचकीत असले तरी मी त्यांच्यासाठी शाळेच्या तिजोरीतून एक रुपया काढू देणार नाही.

ही केवळ वृद्ध मास्तरी हौस आहे असे कोणास वाटू नये. २०१५ साली दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय अध्यापनप्रणालीची रीतसर चाचणी झाली आणि कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गानिमियान या अर्थशास्त्रज्ञांनी तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की सहावीत बसलेली त्या चाचणीतील मुले गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होती. आणि ज्या प्रणालीने प्रत्येक मुलाला त्याच्या चुकांवरून ओळखून त्याच्याच पातळीवरचे उदाहरण दिले, तिच्यायोगे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोहोंतही ठळक प्रगती झाली. या वृत्तान्तातील दोन गोष्टी जाहिरातींत सहसा येत नाहीत. एक अशी की दीड तासाच्या त्या शिकवणीत निम्मा वेळच संगणकाचा होता आणि उरलेला निम्मा लहान गटाला शिकवणाऱ्या जिवंत माणसाचा. दुसरी अशी की शाळेच्या इयत्तेनुसार घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती फारशी उमटली नाही. तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलेल्या मुलाला सहावीची प्रश्नपत्रिका तो पुढे सरकला हे सांगू शकत नाही. सहामाहीच्या गुणपत्रकावरून अभ्यासक्रमाचा निवाडा करणारी शाळा चांगला अभ्यासक्रम टाकून देईल आणि प्रश्नोत्तरे पाठ करून घेणारा ठेवील, हा धोका येथे उघड आहे.

परंतु आपल्याकडील खरेदीत या विचाराला अवकाश नसतो. हा प्रकार केवळ आपल्यापुरता आहे असेही नाही: युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे की अमेरिकेतील १७ राज्यांत केलेल्या पाहणीत अवघ्या ११ टक्के शिक्षकांनी आणि प्रशासकांनी अशी साधने स्वीकारण्यापूर्वी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागितला होता. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की ही शैक्षणिक उत्पादने सरासरीने दर ३६ महिन्यांनी बदलतात. तीन वर्षांच्या कराराशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे गंमत वाटते. आपण विकत घेतलेली वस्तू कराराची मुदत संपण्याच्या सुमारास मुळात अस्तित्वातच नसण्याचा संभव बराच असतो.

मुंबईने याचा अनुभव पुरेसा घेतला आहे. महापालिकेने २०१५ मध्ये, दप्तराचे ओझे हलके व्हावे या सद्धेतूने, आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकेच बदलली, आणि यंत्रात भरून ठेवलेला मजकूर एका जूनमध्ये जुना झाला. खाजगी क्षेत्राची कथा याहून उदास आहे. ‘स्मार्ट क्लास’ हा शब्द ज्या कंपनीने देशभरच्या शाळांत रूढ केला ती एज्युकॉम्प २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. मुलुंड पश्चिमेस कचेरी असलेल्या आणि ‘महेश ट्युटोरियल्स’ या नावाने उपनगरांतील घराघरांत ठाऊक असलेल्या एमटी एज्युकेअरवर, जिची ‘रोबोमेट’ ही ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने एके काळी मोठ्या अपेक्षेने घेतली जात होती, तीच वेळ २०२२ च्या अखेरीस आली. आणि बायजूजविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणाने जुलै २०२४ मध्ये दाखल करून घेतला. या कंपन्यांचे शिकवणे वाईट होते असे मी म्हणत नाही. कंपनीचे दप्तर बंद झाले की वर्गातील पडद्यावरचे धडेही बंद होतात, एवढेच त्यातून निष्पन्न होते. सरकारी छत्र असले तरी चिरंजीवित्व लाभते असेही नाही. १९८४ पासून दूरदर्शनसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम घडवणारी पुण्याची बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली आणि फार थोड्यांनी हळहळ व्यक्त केली.

यास्तव करारातील एक कलम मला दरापेक्षाही महत्त्वाचे वाटते. प्रत्येक धडा सुटा करून, इंटरनेट नसतानाही, शाळेच्या स्वतःच्या संगणकावरून चालवता यावा आणि करार संपल्यावरही तो शाळेकडे राहावा, अशी तरतूद जेथे नसेल तेथे सही करू नये. ज्या शाळेत सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने भरतात, संगणककक्ष एकच असतो, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील पहिली सात मिनिटे मुलांना जिन्यावरून रांगेने आणण्यात जातात, तेथे चाळीस मिनिटांचा अखंड पाठ हा पाठच नव्हे. शिक्षिकेला त्यातील चार मिनिटांचा तुकडा हवा असतो, तोही तिने ठरवलेल्या जागी थांबणारा.

भाषेचा प्रश्न थोडक्यात सांगतो. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, आणि खाजगी मराठी शाळांत ‘सेमी इंग्रजी’मुळे एकाच मुलाचे गणित एका भाषेत आणि इतिहास दुसऱ्या भाषेत असतो, तेव्हा ‘मराठीत उपलब्ध’ या तीन इंच जाडीच्या अक्षरांनी समाधान मानू नये. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, १९७४ मधील स्थापनेनंतरच्या पहिल्याच काळात, वि. गो. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली विज्ञानाच्या पाठांची भाषा सोपी केल्याने सामान्य स्तरातील मुलांचे आकलन कसे सुधारते याचा अभ्यास केला होता. हे केंद्र मानखुर्दला आहे, घाटकोपरहून अगदी हाकेच्या अंतरावर. आणि शेजारी देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, जिने मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि टाटा न्यास यांच्या सहकार्याने ‘क्लिक्स’ हा खुला, कोणासही बदलून घेता येणारा अभ्यासक्रम रचला. तो राजस्थान, तेलंगणा, छत्तीसगड आणि मिझोराममधील शाळांत चालला, युनेस्कोच्या पारितोषिकास पात्र ठरला, आणि ज्या शहरात त्याची आखणी झाली तेथील शाळांनी मात्र त्याऐवजी भलत्याच ठिकाणी पैसे मोजले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागे असलेले ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचे साहित्यही फुकट आहे, ते सर्व उत्तम आहे असे नाही, पण त्यातील निवडक भाग घेण्यास कोणाच्या करारपत्राची गरज लागत नाही. टाळेबंदीच्या काळात, २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका झाली. घरातील डबे, धान्य आणि आजी-आजोबा यांना हाताशी धरून शिकवणारी ती मालिका पाहताना मला प्रथमच असे वाटले की पडद्यामागील कोणीतरी पडद्यापुढच्या घराची कल्पना करून हे लिहिले आहे.

पालकांचाही यात अधिकार आहे आणि तो त्यांनी बजावावा. २०११ च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियमान्वये शाळेने प्रस्तावित केलेले शुल्क शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावे लागते. ‘ई-लर्निंग’ या शीर्षाखाली दर मुलामागे जी रक्कम दाखवली असेल तिच्याविषयी तेथे विचारणा करण्यास संकोच कशाचा? मुलाचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि प्रत्येक चुकीची नोंद कोणाच्या हाती जाते, हेही विचारावे, कारण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. दाखल्याच्या अर्जाखाली बारीक टाइपात छापलेली संमती ही संमती नव्हे.

आता राहिला प्रश्न तो हा की ही कसोटी घ्यावी कोणी आणि केव्हा. शिक्षकाने, हे उत्तर सोपे आहे. पण मतदारयाद्यांचे काम, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे रोजचे तगादे यांतून त्याला वेळ कोठून मिळावा? कोणत्याही अभ्यासक्रमाचा करार करण्यापूर्वी त्या विषयाच्या दोन शिक्षकांना एका सत्रात आठवड्यातून दोन तासिका मोकळ्या द्याव्यात, त्यांनी तो खऱ्या वर्गावर चालवावा, आणि त्यांचा नकार आला तर विश्वस्तांनी तो उलटवू नये, एवढी तजवीज कोणतीही शाळा शासनाकडे हात न पसरता करू शकते. शासनाने करावयाचे काम याहून लहान आहे. पश्चिम उपनगरांच्या शाळा जोगेश्वरीच्या शिक्षण निरीक्षक कार्यालयाखाली येतात आणि पूर्वेकडच्या चेंबूरच्या. या दोन कचेऱ्यांनी प्रत्येक शाळेकडून तयार अभ्यासक्रमाविषयी वर्षातून एकदा एका पानाची नोंद मागवावी आणि ती मागेल त्या मुख्याध्यापकाला वाचावयास द्यावी, म्हणजे मुलुंडच्या शाळेला कांदिवलीचा अनुभव कळेल. नोंदीत फार काही नको: अभ्यासक्रमाचे नाव, दर मुलामागे खर्च, तो कोणत्या इयत्तेत किती तासिका प्रत्यक्ष चालला, चुकलेल्या उत्तराला त्याने काय केले, इंटरनेट बंद पडले तेव्हा काय झाले, आणि दुसऱ्या वर्षी शाळेने तो पुन्हा घेतला की नाही.