बातमी आपली, लेखणी दुसऱ्याची

मावळात पाऊस सुरू झाला की लोणावळ्याच्या बातम्यांना ऊत येतो. भुशी धरणावरची गर्दी, घाटातली वाहतूक कोंडी, लोहगडावर अडकलेले पर्यटक. या बातम्यांत मावळातला मुसलमान कुठे असतो? तो रिक्षा चालवतो, गॅरेज चालवतो, बेकरी चालवतो; पण वृत्तपत्रात दिसतो तो ईदच्या छायाचित्रात, नाहीतर गुन्हेगारीच्या पानावर. हे आम्ही सगळेच बोलतो. चहाच्या टपरीवर बोलतो, निकाहाच्या मांडवात बोलतो. बोलण्यापलीकडे आम्ही काय केले, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो आम्ही आधी स्वतःलाच विचारणार आहोत. आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे शिक्षक.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम झाला. मुलांनी संचलन केले, मुलींनी मराठीतून भाषणे केली. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात मथळा आला, 'मदरशातील विद्यार्थ्यांनी दिली ध्वजाला सलामी'. बातमी कौतुकाचीच होती. पण आमची शाळा मदरसा नाही. तिथे बालभारतीचीच पुस्तके आहेत, दहावीला तीच बोर्डाची परीक्षा आहे, फक्त माध्यम उर्दू आहे. त्या वार्ताहराला हा फरक ठाऊक नव्हता आणि त्याला तो सांगणारा त्याच्या कचेरीत कोणी नव्हता.

शिक्षक खोलीत दिवसभर संताप झाला. संपादकांना पत्र मात्र कुणी लिहिले नाही. कारण उघडच आहे. आमच्यापैकी बी.एड. झालेल्यांनाही चार ओळी निर्दोष मराठीत लिहिण्याची धास्ती वाटते. अखेर पत्र लिहिले ते आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने. ती तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पत्र कोपऱ्यात का होईना, छापून आले. तिला पुढे पत्रकारितेत एम.ए. करायचे होते. तिचे वडील आमच्याकडे विचारायला आले, "सर, हे शिकून नोकरी लागेल का?" आणि आम्ही काय सांगितले? "त्यापेक्षा बी.एड. करू द्या." ती आज बी.एड. झालेली आहे आणि कायम नोकरीच्या प्रतीक्षेत घरी शिकवण्या घेते. या लेखाचे मूळ त्या आमच्या उत्तरात आहे.

आकडे पाहा. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. शाळेत जाण्याच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी सुमारे 3 टक्केच मदरशांत जातात, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे ज्या मदरशावर माध्यमे रकाने भरतात, तिथे आमची शंभरातली तीन मुले. त्याच अहवालाने हेही सांगितले की, देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो, पदव्युत्तर वर्गात 50 मागे एक. त्याच वर्षी दिल्लीतील राष्ट्रीय माध्यमांच्या निर्णय घेणाऱ्या 315 वरिष्ठांची पाहणी झाली. त्यात मुसलमान सुमारे 3 टक्के निघाले. वर्गातच जो नाही, तो संपादकाच्या खुर्चीवर कुठून येणार? दारे बंद आहेत हे खरे. पण किती दारांवर आम्ही थाप मारली?

आता 2020 आठवा. टाळेबंदी लागली आणि तबलिगी जमातीच्या निमित्ताने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सगळ्या समाजालाच रोगाचा वाहक ठरवले गेले. मोहल्ल्यात भाजीवाल्यांना नाव विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे खंडपीठाने स्पष्ट म्हटले. हा निकाल आपल्या महाराष्ट्रातला. तो मावळातल्या किती घरांत मराठीतून पोचला?

दुसरे उदाहरण बंगळुरूचे. तिथल्या काही मंडळींनी वाहिन्यांच्या नियामक संस्थेकडे याच वार्तांकनाविरुद्ध तक्रार केली. त्यावर 2021 मध्ये दोन कन्नड वाहिन्यांना अनुक्रमे 1 लाख आणि 50 हजार रुपये दंड झाला. रक्कम छोटी आहे, पण चूक नोंदली गेली. नियमाचे कोणते कलम मोडले, कोणत्या कार्यक्रमात कोणती वाक्ये बोलली गेली, हे दाखवल्याशिवाय अशी तक्रार टिकत नाही. आम्ही मात्र टीव्ही बंद करतो आणि मोबाइलवर एकमेकांना संतापाचे संदेश धाडतो.

संज्ञापन आणि माध्यम या विषयाच्या एम.ए.त नेमके हेच शिकवतात. अनेकांना वाटते, तिथे फक्त माइक धरायला शिकवतात. वास्तविक तिथे माध्यमविषयक कायदे आहेत, आचारसंहिता आहे, संपादन आहे, संशोधन पद्धती आहे. आशय-विश्लेषण नावाची एक साधी पद्धत घ्या. पाच वृत्तपत्रांचे तीन महिन्यांचे अंक घ्यायचे. मुसलमानांविषयीच्या बातम्या कोणत्या पानावर आल्या, मथळ्यात कोणते शब्द आले, मत कुणाचे घेतले, हे मोजून मांडायचे. 'माध्यमे आमच्याविरुद्ध आहेत' ही तक्रार झाली. किती, कुठे आणि कशी, हे मोजून दाखवले तर संपादकालाही उत्तर द्यावे लागते.

ही विद्या मावळापासून दूर नाही. लोणावळ्याहून लोकलने शिवाजीनगरला उतरावे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग 1964 पासूनचा. कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊ शकतो. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचे जनसंज्ञापन केंद्र 1982 पासून आहे. हैदराबादला मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात हे शिक्षण उर्दूतूनही मिळते. खासगी संस्थांची फी लाखांत जाते, ती आमच्या आवाक्यातली नाही. पण सरकारी विद्यापीठांचा मार्ग तरी आम्ही मुलांना दाखवला का?

कुणी म्हणेल, पत्रकारितेत पगार तुटपुंजा, नोकरी आज आहे उद्या नाही, शिवाय नाव पाहून वागणूक. यातले काहीच खोटे नाही. अनुदानित शाळेतली जागा मिळावी म्हणून आमची मुले वर्षानुवर्षे वाट पाहतात, ती नोकरी तरी कुठे पक्की आहे? आणि प्रत्येक समाजाने ही किंमत मोजलेली आहे. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले, 1920 मध्ये डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्यात कुणाला पगाराची हमी होती? मौलाना आझादांनी 1912 मध्ये 'अल-हिलाल' काढले, त्याचा अभिमान आम्ही भाषणांत सांगतो. घरातल्या मुलीने पत्रकार व्हायचे म्हटले की तोच अभिमान कुठे जातो?

यात आम्हा शिक्षकांचा गुन्हा सर्वांत मोठा आहे. उर्दू शाळांत मराठी आम्ही उत्तीर्ण होण्यापुरती शिकवतो. मुलाला मराठी वृत्तपत्र वाचता येते, मराठीत बातमी लिहिता येत नाही. उर्दू आमची जान आहे, ती सोडा असे कोण म्हणतो? पण लोणावळ्याच्या बाजारात, वडगावच्या तहसील कचेरीत, पुण्याच्या संपादकीय विभागात मराठी चालते. उर्दू, हिंदी आणि मराठी तिन्ही भाषा जाणणारा पत्रकार कोणत्याही वृत्तपत्राला हवा असतो. ही शिदोरी आमच्या मुलांकडे अर्धी तयार आहे. उरलेली अर्धी आम्ही द्यायची आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. जलसे आणि सत्कार यांवर खर्च करणाऱ्या आमच्या संस्थांनी दरवर्षी एका तरी पदवीधराची या शिक्षणाची फी भरावी. आम्ही शिक्षकांनी आठवड्यातला एक तास मराठी वृत्तपत्र वर्गात न्यावे आणि मुलांकडून बातमी लिहून घ्यावी. आणि पुन्हा कुणाचे वडील "नोकरी लागेल का?" विचारत आले, तर प्रवेशाचा अर्ज त्यांच्यासमोर ठेवावा. त्या मुलीला आम्ही जे सांगितले, ते दुसऱ्या कुणाला सांगण्याचा अधिकार आता आम्हाला उरलेला नाही.