नावाचे वाडे आणि गावचे वाडे

शनिवारवाड्याची मुख्य इमारत १८२८ च्या आगीत भस्मसात झाली. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. मराठेशाहीतील घर कसे असे, हे पाहावयाचे तर आज पुण्यातील विश्रामबागवाड्यात जावे, अथवा उत्तरेस जुन्नर-आंबेगावची वाट धरावी. पारगाव नावाचे गाव या दोन्ही तालुक्यांत आहे. त्या परिसरातील जुन्या गावठाणांत ही वास्तुशैली अद्याप तग धरून आहे. परंतु तिचे दिवस भरत आले आहेत, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

ही शैली केवळ शोभेची नव्हे. खाली घडीव दगडाचे जोते, वर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा. भार मुख्यतः लाकडावर, भिंत केवळ आडोशास. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचे मापही खणांतच सांगावयाचे. रस्त्याकडील भिंत बहुधा बंद. दिंडीतून एका वेळी एकाच माणसाने वाकून आत यावे, ही त्या अस्थिर काळातील सावधगिरी. उजेड आणि वारा पुरवी तो मधला चौक. ओसरी पाहुण्यांची, माजघर घरच्यांचे. घराच्या रचनेतच समाजाची रचना कोरलेली होती. तिच्यातील भेदाभेदांसह ती वाचता आली पाहिजे.

राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा शासनाने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या वास्तूंनाच लागू पडतो. राजगुरुनगर येथील हुतात्मा राजगुरूंचा जन्मवाडा असा जतन झाला, हे सर्वथा उचितच होय. पण ज्या वाड्यात कोणी हुतात्मा जन्मला नाही, त्याचे काय? तेथे वारस अनेक, कौले गळकी आणि दुरुस्तीचा खर्च कोणा एकाच्या आवाक्याबाहेरचा. अखेर कोरीव खांब विकले जातात आणि त्या जागी सिमेंटची इमारत उभी राहते. या मालकांस दोष देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आम्हांस नाही.

सर्वच वाडे वाचतील, अशी आमची भाबडी आशा नाही. परंतु वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात काही गावे घ्यावीत, मालकांच्या संमतीने प्रत्येक वाड्याचे माप व नकाशे काढावेत आणि ग्रामपंचायतीने त्यांची एक प्रत जपावी, हे अशक्य नाही. घर पडले तरी ते बांधण्याची विद्या तरी उरेल. तीही गमावली, तर तो दोष काळाचा नव्हे, आपला.