पाकिटांतील जीवाणूंची ओळख

मृग निघाला म्हणजे हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, औंढा व वसमत या आमच्या पांचही तालुक्यांत सोयाबीनच्या पेरणीची घाई होते आणि बियाण्यास चोळण्यासाठीं रायझोबियमचीं पाकिटें घरीं येतात. बियाणें घेतांना आपण वाण विचारतों, उगवण तपासतों. जीवाणू डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून पाकिटावरील नांवावर मात्र निमूटपणें विश्वास ठेवतों. हा विश्वास आतां पारखून घ्यावा, असें आमचें मत आहे.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत जीवाणुखतांचा समावेश २००६ सालीं झाला. त्याप्रमाणें भुकटीच्या रायझोबियम खतांत दर ग्रॅमला निदान ५ कोटि व द्रवरूप खतांत दर मिलिलिटरला निदान १० कोटि जिवंत जीवाणू असावे लागतात. पाकिटावर लिहिलेल्या पिकाच्या मुळांवर गांठीही याव्या लागतात. नियम चांगला आहे. परंतु मोजदाद म्हणजे ओळख नव्हे. बाजारांतले बैल मोजले म्हणून त्यांची जात कळत नाहीं.

सोयाबीनच्या मुळांवर गांठी करणारे मुख्य जीवाणू ब्रॅडिरायझोबियम या कुळांतले होत. हें कुळ १९८२ सालीं रायझोबियमपासून निराळें काढण्यांत आलें. पुढें त्यांतील जॅपोनिकम या जातींतून १९९२ सालीं एल्कानी व २०१३ सालीं डायझोएफिशियन्स या जाती वेगळ्या झाल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं तिन्ही सारख्याच दिसतात. शेतांत तसें नाहीं. एल्कानीचे कांहीं वंश एक विषारी द्रव्य तयार करतात व त्यानें सोयाबीनचीं पानें पिवळीं पडतात. उलट डायझोएफिशियन्सला तें नांवच नत्र बांधण्याच्या कसबावरून मिळालें आहे.

अशा वेळीं जनुकवाचन उपयोगी पडतें. प्रत्येक जीवाणूंत डीएनए नांवाचा धागा असून त्यावर चार अक्षरांत त्याची सारी कुंडली लिहिलेली असते; यंत्रानें ती वाचतां येते. सहसा सुमारें १,५०० अक्षरांचें १६-एस नांवाचें एकच जनुक वाचतात. कुळ ओळखण्यास तें पुरतें. सख्ख्या भावांतला भेद सांगण्यास पुरत नाहीं. जनावरांस फाशी रोग करणारा जीवाणु आणि ज्याच्या जनुकावर आपली बीटी कपाशी उभी आहे तो जीवाणु, या दोघांचें हें जनुक जवळजवळ तंतोतंत एकच आहे! म्हणून आणखी चारसहा जनुकें अथवा सबंध धागा वाचावा लागतो. सोयाबीनच्या यूएसडीए ११० या प्रसिद्ध वंशाचा सुमारें ९१ लाख अक्षरांचा सबंध क्रम २००२ सालींच प्रसिद्ध झाला. दोन जीवाणूंचे क्रम ताडून पाहतां अक्षरें शेंकडा ९५-९६ हून अधिक जुळलीं, तर सामान्यतः त्यांची जात एक मानतात.

यास खर्च फार येईल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु प्रत्येक पाकीट तपासण्याचें कारण नाहीं. ज्यापासून खत वाढवितात तें मूळ संवर्धन तपासलें म्हणजे झालें. विरजण चांगलें तर दहीं चांगलें. पुण्यास राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, आणि आपल्या शेजारीं परभणीचें कृषि विद्यापीठ स्वतः जीवाणुखतें तयार करतें. सोय दूर नाहीं. मागणी करणारा पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गांठी करणारीं जनुकें धाग्याच्या अशा तुकड्यावर असतात कीं तो एका जीवाणूंतून दुसऱ्यांत जाऊं शकतो. म्हणून जात बरोबर निघाली तरी गांठी येतीलच असें नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. यास्तव जनुकवाचनाबरोबर कुंडींतील रोपावरची परीक्षा राहिलीच पाहिजे. एकीनें नांव कळतें, दुसरीनें काम.

पेरणीनंतर चाळीस दिवसांनीं चारदोन रोपें मुळांसकट हलकेच उपटून गांठी कापून पाहाव्या. आंत लालसर दिसलें तर नत्राचें काम चालू आहे असें समजावें. पण त्या गांठी विकत घेतलेल्या जीवाणूंच्या कीं रानांत पूर्वींपासून असलेल्यांच्या, हें डोळा सांगूं शकत नाहीं. म्हणून जीवाणूची पूर्ण जात, वंश व ओळख तपासल्याचें वर्ष पाकिटावर छापावें, असा आग्रह प्रत्येक सभासदानें विक्रेत्यापाशीं धरावा, आणि संघानें एकत्र खरेदी करतांना हीच अट घालावी. पैसा आपला आहे. तो कशासाठीं दिला हें जाणण्याचा अधिकारही आपलाच आहे.