जेवण टाकणाऱ्या मुलीला बोल लावू नका

उपवासकाळात एखादी आई आम्हाला कौतुकाने सांगते, "फादर, आमची पोर नुसत्या पेजेवर राहते." पोर धडधाकट, हसतीखेळती असेल तर आम्हीही कौतुक करतो. पण ईस्टर होऊन गेला तरी ताट तसेच परत जाते, हाडे वर आली, पाळी बंद झाली, आणि तरीही ती स्वतःला जाडच समजते, तर तो उपवास नव्हे. तो आजार आहे. लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७४ साली त्याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. क्वचित मुलग्यांनाही तो होतो.

अशा मुलीची भूकच मेली, असा सर्वांचा समज. घरचे म्हणतात नखरे, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा. पोटाचा हिशेब मात्र निराळाच आहे. जठरातून घ्रेलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मेंदूला जेवणाची आठवण देते. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कंगावा या संशोधकांनी ते शोधले. जेवणापूर्वी ते वाढते, जेवल्यावर उतरते. या आजाराच्या रोग्यांत ते कमी असेल असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते निरोगी माणसापेक्षा जास्त आढळते. शरीर अन्नासाठी हाका मारीत असते, पण वजनाच्या भीतीने धरलेले मन दाद देत नाही. शिवाय जठर सावकाश रिकामे होते, दोन घासांतच पोट तट्ट वाटते. तेव्हा "पोट भरले" असे ती म्हणते ते खोटे नसते. वजन सुधारले की घ्रेलिनही खाली येते. म्हणजे हा बिघाड बव्हंशी उपासमारीतून आलेला, मुलीच्या हट्टातून नव्हे.

काही जण सिएनाच्या संत कॅथरीनचे उदाहरण देतात. त्या फार थोडे खात आणि १३८० साली अवघ्या ३३ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या पापनिवेदक धर्मगुरूंनी त्यांना रोज जेवण्याची आज्ञा केली होती, हे मात्र प्रवचनात सहसा कोणी सांगत नाही!

आता जेवू घालण्याविषयी. दुष्काळात खंगलेले जनावर एकदम धान्यावर सोडले तर दगावते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आपण आधी वैरण देतो, मग मूठ-मूठ भरडा वाढवतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट घातले तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून घरी बळेच कोंबू नका. आधी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या, ते सांगतील त्या बेताने अन्न वाढवा. मानसोपचार लागतोच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मुलगी लहान असेल तर आईवडिलांनी उपचारात सामील व्हावे, त्याने गुण येतो.

ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत असते, आणि आजाऱ्याला त्यातून सूट आहे. अशी मुलगी आमच्याकडे आली तर राखेच्या बुधवारीसुद्धा आम्ही तिला जेवायलाच सांगू.