वस्तीवरच्या कुत्र्याची निगा

बैलाच्या पेंडीविषयीं, गाईच्या गाभणपणाविषयीं, शेळीच्या जंतांविषयीं शेतकी मासिकांत वारंवार लिहिलें जातें आणि वाचकही तें आवडीनें वाचतात. परंतु त्याच गोठ्याच्या तोंडाशीं रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याविषयीं चार ओळी आल्या, तर ‘हें शहरी लोकांचें खूळ येथें कशाला?’ असें कांहीं सभासद विचारतील, याची आम्हांस कल्पना आहे. सुगंधी साबण, गादी आणि डब्यांतला खुराक हा शहरांतील हौसेचा भाग झाला. त्याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो प्राणी आपल्या चाकरींत आहे त्याचा खर्च आपल्या जमाखर्चांत कोठेंही दिसत नाहीं, आणि आपण टाळलेला तो खर्च दुसऱ्या वाटेनें, प्रसंगीं घरांतल्या माणसाच्या जिवावर, वसूल होतो.

दत्तगुरूंच्या तसबिरीपुढें आपण हात जोडतों, तींत चार श्वान असतात. खंडोबाबरोबरही कुत्रा आहे. दारांतल्या कुत्र्यास मात्र शिळा तुकडा लांबून फेंकला कीं आपलें काम संपलें. एखाद्याची फार दैना झाली म्हणजे त्याचे हाल कुत्रा खाईना असें आपण म्हणतों. खुद्द कुत्र्याचे हाल कोण खातो, हें कोणीं विचारलेलें ऐकिवांत नाहीं.

प्रथम अन्नाचें पाहूं. भाकरी आणि ताक यांनीं पोट भरतें. परंतु केवळ तेवढ्यावर कुत्र्याच्या अंगीं बळ येत नाहीं. भाकरी कुसकरून तींत बिनतिखटाचें वरण, अधूनमधून उकडलेलें अंडें किंवा मांसाचा उकडलेला तुकडा पडला, तर त्याच भाकरीचें सार्थक होतें. ताटांतलें उरलेलें कालवण ओतण्याची रीत मात्र सोडली पाहिजे. कांदा आणि लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व तो हळूहळू पांढरा पडतो. त्याहून घातक द्राक्षें आणि बेदाणा. सांगली-तासगांवकडील बेदाण्याच्या शेडवर किंवा नाशिककडील बागेंत राखणीस ठेवलेला कुत्रा खालीं सांडलेला माल खातो. त्यानें कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें दोन-तीन दिवसांत निकामी होतात. किती खाल्लें म्हणजे बाधेल, याचा नेम नाहीं. तेव्हां शेडखालची जागा झाडून घेणें हाच उपाय. कोंबडीचीं शिजलेलीं हाडें चावतांना चिरफळतात व आंतड्यांत रुततात. तींही देऊं नयेत.

जत्रेच्या किंवा देवकार्याच्या दिवशीं बकरें कापलें, म्हणजे फुप्फुस, काळीज यांचे टाकाऊ भाग कुत्र्यांपुढें टाकतात. त्या काळजांत कधीं कधीं पाण्यानें भरलेल्या गांठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या म्हणजे कुत्र्याच्या आंतड्यांत बारीक पट्टकृमि वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे बाहेर पडतात, आणि भाजीच्या वाफ्यांतून, मुलांच्या हातांतून तीं आपल्या पोटांत जातात. मग तशीच गांठ माणसाच्या काळजांत किंवा फुप्फुसांत वर्षानुवर्षें वाढते व शेवटीं शस्त्रक्रियेची पाळी येते. असा अवयव खोल पुरावा किंवा जाळावा, आणि कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरलेल्या मुदतीनें जंतांचें औषध द्यावें. शेळीस देतों, मग यासच कां नाहीं?

अंगाच्या निगेस फार वेळ लागत नाहीं. आपल्या देशी कुत्र्यांचे केस आंखूड असतात. महिन्या-दोन महिन्यांतून एक आंघोळ आणि आठवड्यास एकदां खरखरीत फणी पुरे. खरें काम हाताचें आहे. कानाच्या आंत, काखेंत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावें. पावसाळा सरतांना माळावरील कुसळी गवत पिकतें, आणि त्याचें कुसळ एकदां कातडींत शिरलें कीं पुढेंच सरकत जातें. आमच्याच वस्तीवरील कुत्रा दोन दिवस मान वांकडी करून डोकें झाडीत होता; आम्हीं तें गोचिडीवर घालवून दुर्लक्ष केलें. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं चिमट्यानें कानांतून लांब कुसळ ओढून काढलें तेव्हां आम्हांस खालीं पाहावें लागलें.

गोचिडींचाही प्रश्न लहान नव्हे. त्यांच्या चाव्यानें येणाऱ्या तापांत कुत्रा खाणें सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकांतून रक्तही येतें. यावर आपला घरगुती उपाय म्हणजे पिकावर मारावयाचें औषध बादलींत कालवून अंगावर ओतणें, किंवा खरूज झाली तर यंत्रांतलें जळकें तेल चोपडणें. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे तें सर्व त्याच्या पोटांत जातें. कित्येक कुत्रे गोचिडीनें न मरतां औषधानें मरतात. कुत्र्यासाठीं निराळें औषध मिळतें, तें सांगितलेल्या मापानेंच वापरावें, आणि त्याची बसावयाची जागा व भिंतीच्या फटीही स्वच्छ कराव्या, कारण गोचीड अंडीं तेथें घालते.

साखळीविषयीं एक शब्द. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम सुटत नाहीं. तो धापेनेंच अंग थंड करतो. चैत्र-वैशाखांत पत्र्याखालीं बांधलेला, पाण्याचें भांडें पालथें झालेला कुत्रा दुपारपर्यंत मरूं शकतो. आणि जुन्नर, आंबेगांव, अकोले अशा उसाच्या पट्ट्यांत रात्रीं त्यास उघड्यावर बांधणें म्हणजे बिबट्यास अंगणांत आमंत्रण देणें होय. बांधलेला कुत्रा पळूं शकत नाहीं, आणि बिबट्या एकदां दाराशीं आला कीं पुनः येतो. त्याच दारांत मुलें निजतात. रात्रीं त्यास बंद खोपटांत किंवा जाळीच्या आंत घ्यावें. भुंकणें तेथूनही ऐकूं येतें.

आतां मुख्य गोष्ट. पिसाळणें म्हणजे कुत्रा लाळ गाळीत गांवभर चावत सुटणें, एवढीच आपली समजूत आहे. परंतु या रोगाचा दुसरा, मुका प्रकार अधिक फसवा. कुत्रा कोपऱ्यांत अंधारांत बसतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, गिळतां येत नाहीं. घरधन्यास वाटतें, घशांत हाड अडकलें, आणि तो कनवाळूपणानें तोंडांत हात घालतो. लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडांतही असाच हात जातो. दांत लागला नसला, तरी बोटावरील जुन्या जखमेस लाळ लागली कीं पुरे. रोगाचीं लक्षणें माणसांत दिसूं लागल्यावर बहुधा कोणी वांचत नाहीं. चावल्यापासून तोंपर्यंत मात्र बहुतेक वेळां आठवडे, महिने हातांत असतात.

ते आपण कसे घालवितों? जखमेवर चुना-मिरची भरून, मंत्र घालणाऱ्याकडे जाऊन, आणि पोटांत चौदा सुया टोंचतील या भीतीनें. ती चौदा सुयांची जुनी लस आपल्याकडे बंद होऊन बरींच वर्षें झालीं. आतांची लस दंडांत, थोड्याच वेळां टोंचतात व ती सरकारी रुग्णालयांत मिळते. चावा, ओरखडा किंवा लाळ लागतांच साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावें, आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेंत भरावें लागतें; तें आहे कीं नाहीं हें तेथें विचारावें. पाश्चर यांनीं या रोगावरील लस माणसास प्रथम दिली ती १८८५ सालीं. इतक्या वर्षांनंतरही मनुष्यास होणारा हा रोग जवळजवळ सर्वस्वीं कुत्र्याच्या चाव्यानेंच होतो, म्हणजे कुत्र्यास लस टोंचणें हाच त्याचा बांध होय. पिल्लू तीन महिन्यांचें झालें कीं पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हां दुसरी, मग दरसाल. वर्षाचा हा खर्च मिश्रखताच्या एका गोणीएवढाही नाहीं.

आमची सूचना अशी कीं, लाळ-खुरकताच्या लसीसाठीं पशुवैद्य गांवीं येतात त्याच सुमारास संघानें कुत्र्यांसाठीं एक सकाळ मागून घ्यावी व तिची तारीख मासिक सभेंत जाहीर करावी. कुत्रा आणावयाचा तो त्यास रोज भाकरी घालणाऱ्या माणसानेंच आणावा. घरोघरीं बहुधा तें काम बायकांकडे असतें, तेव्हां त्यांनीं यावें. बुजरा असेल तर धोतराची पट्टी जबड्यावरून दोनदां फिरवून कानांमागें गांठ मारावी, आणि सुई टोंचून होतांच ती सोडावी.