ट्रेनिंग घरधन्याला, अंगठा बाईचा : हे चालणार नाही!

वनहक्काचं ट्रेनिंग निघालं की तालुक्याहून निरोप येतो, समितीचे दोन-तीन जण पाठवा. जातात कोण? पुरुष. तिथं फॉर्म भरायला शिकवतात, जीपीएसचं यंत्र हातात देतात, जेवण घालतात. मागाहून रजिस्टर पाड्यावर येतं आणि बायांचे अंगठे घेतात, कारण कायद्याला बाया दाखवाव्या लागतात. कागदावर आम्ही शिकलेल्या, यंत्राला मात्र आमचा हात लागलेला नाही.

वनहक्क समिती 10 ते 15 जणांची. त्यात निदान एक तृतीयांश बाया, म्हणजे 15 मध्ये 5. ग्रामसभेच्या कोरमलाही हजर माणसांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. 2006 च्या कायद्याचं कलम 4(4) सांगतं, लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावे. दाव्याच्या फॉर्मात पहिली ओळ दावेदाराची, दुसरी जोडीदाराची. ती दुसरी ओळ कोरी का राहते? ट्रेनिंगला गेलेला म्हणतो, विसरलो. खरंच विसरला का, ते त्याचं त्यानं बघावं. नवऱ्यानं टाकलेली, विधवा, तिला तर कोणी सांगतच नाही की तिचाही दावा लागतो.

मोजणीचंही तेच. भाताचं खाचर मोजतात, वरची नागली-वरईची वरकस सुटते. तिथं निंदणी कोण करतं? आम्ही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायला सरकारी कागदच लागतो असं नाही. म्हाताऱ्या माणसांचा जबाब, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे नियमात बसतात. कुठला झरा वैशाखात आटत नाही, मोह कोण कुठं वेचतं, शेवळं कुठल्या उतारावर निघतात, हे पाड्यातल्या म्हातारीला विचारा. सामूहिक दाव्याची हद्द तिच्या पायाखालची आहे. तिला सोडून काढलेला नकाशा फॉरेस्टवाल्यांनाच सोयीचा.

म्हणतात, बायांना लिहिता-वाचता येत नाही. मग अडाणी पुरुष कसे चालतात? यंत्राला बटणं आहेत, बाराखडी नाही. म्हणतात, लेकराला घेऊन कशी येणार? नाही येणार तालुक्याला. साहेब, तुम्ही पाड्यावर या. आवणीत येऊ नका, बाजाराच्या दिवशी येऊ नका. आमच्या बोलीत सांगा आणि वरकसीवर चढून मोजायला शिकवा. आम्ही मोजू, तुम्ही चुका काढा. त्या दिवसाची मजुरी बुडते, ती पुरुषाला देता तशी आम्हालाही द्या.

संघटनेच्या भावांनो, हे तुम्हालाही आहे. मोर्चाला पुढं बाया आणि ट्रेनिंगला मागं, असं कसं?

येत्या ग्रामसभेत ट्रेनिंगची नावं ठरतील. निम्मी नावं बायांची नसली तर रजिस्टरवर एकाही बाईचा अंगठा पडणार नाही. मग कोरम कसा भरतो ते बघू.